46 व्या वर्षी नवऱ्याची पीएसए तपासणी : लंडनमधला माझा अनुभव

माझे सासरे प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, कॅन्सरने गेले. कळलं तेव्हा तो हाडांत पसरला होता. तरुणपणी जमैकाहून आले, आयुष्यभर लंडनमध्ये बस चालवली, डॉक्टरकडे फारसे गेलेच नाहीत. मी मूळची सांगलीची. नवरा आता 46 चा आहे, म्हणून त्याची पीएसए करून घ्यायची असं मी ठरवलं. प्रोस्टेटमध्ये काही बिघाड आहे का याचा अंदाज देणारी एक साधी रक्ततपासणी. तिला 11 आठवडे लागले.

दवाखान्याच्या ऑनलाइन फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता, लक्षणं कोणती? 'काही नाही' निवडलं की फॉर्म तिथेच संपायचा. या कॅन्सरला सुरुवातीला बहुतेक वेळा लक्षणंच नसतात, मग माणसाने काय लिहायचं?

मग फोन. सकाळी आठला लाइन सुरू होते, आठ वाजून एक मिनिटाने लावला तरी रांगेत 23 वा नंबर. रिसेप्शनवरची बाई म्हणाली, "50 च्या आत आम्ही करत नाही." मी सांगितलं, नवरा कृष्णवर्णीय आहे, त्याचे वडील याच आजाराने गेले. "नियम सगळ्यांना सारखाच आहे." पुढच्या आठवड्यात दुसरा आवाज, उत्तर तेच. तिसऱ्या वेळीही तेच. नवरा म्हणायला लागला, राहू दे, चार वर्षांनी बघू. त्या दिवशी मी रडले.

नियम सारखा आहे, पण धोका सारखा नाही. ब्रिटनमध्ये 8 पैकी 1 पुरुषाला आयुष्यात कधीतरी प्रोस्टेटचा कॅन्सर होतो. कृष्णवर्णीयांमध्ये हे प्रमाण 4 पैकी 1 आहे, आणि आपल्यासारख्या आशियाई वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण 13 पैकी 1. म्हणजे दिवाळीला एका पंगतीत बसणाऱ्या माझ्या भावापेक्षा माझ्या नवऱ्याला धोका तिपटीने जास्त. वडिलांना किंवा भावाला झालेला असेल तर धोका अडीच पट होतो, तो वेगळाच. प्रोस्टेट कॅन्सर यूके ही संस्था कृष्णवर्णीय पुरुषांना 45 पासूनच जीपीशी, म्हणजे आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरशी, बोला असं सांगते. सरकारी मार्गदर्शन मात्र असं की 50 च्या पुढच्या पुरुषाने मागितली तर फायदे-तोटे समजावून तपासणी करून द्यायची, आणि लक्षणं नसतील तर डॉक्टरने आपणहून विषय काढायचा नाही. ज्याला माहीत आहे तोच मागणार. सासऱ्यांना कोण सांगणार होतं?

शेवटी मी पत्र लिहिलं. नवऱ्याचं वय, वंश, वडिलांना कितव्या वर्षी झाला, आणि शेवटी एकच ओळ : नकार द्यायचा असेल तर तो डॉक्टरांनी कारणासकट लेखी द्यावा. चौथ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. तेव्हा कळलं की दवाखान्याच्या नोंदीत त्याच्या वंशाचा रकाना 20 वर्षं कोराच होता! तुमच्या घरच्यांची नोंद आधी तपासा.

डॉक्टर चांगल्या होत्या. 50 च्या आत निर्णय डॉक्टरांच्या विचाराने घेता येतो, असं त्यांनीच सांगितलं. पीएसए जास्त आली म्हणजे कॅन्सरच असं नाही, संसर्गाने किंवा वयोमानाने ग्रंथी वाढल्यानेही वाढते. कमी आली म्हणजे शंभर टक्के निश्चिंत असंही नाही. आता आधी एमआरआय करतात, तुकडा काढायला लगेच सुई घालत नाहीत. आणि गुदद्वारातून बोटाने करायच्या ज्या तपासणीला नवरा मनातून घाबरला होता, ती पीएसएसाठी लागत नाही. हे आधी कळलं असतं तर तो स्वतःच गेला असता.

एक राहिलंच. रक्त देण्याआधी 48 तास सायकल, जोराचा व्यायाम आणि वीर्यपतन टाळायचं असतं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. नवरा सायकलवरून गेला, नर्सने विचारलं आणि परत पाठवलं. आणखी एक आठवडा.

रिपोर्टमध्ये 'नॉर्मल' एवढंच होतं. मी आकडा मागून घेतला आणि डायरीत लिहिला, कारण पुढच्या वेळी तुलना आकड्याशीच होणार. चाळिशीतल्या पुरुषांसाठीच्या 2.5 या मर्यादेच्या तो बराच खाली होता. त्या रात्री आम्ही दोघं खूप दिवसांनी शांत झोपलो.

नोव्हेंबर 2025 मध्ये, कुणाची नियमित तपासणी करावी हे सरकारला सुचवणाऱ्या इथल्या स्क्रीनिंग समितीचा मसुदा आला. नियमित तपासणीची शिफारस फक्त बीआरसीए या, बिघडल्यास कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या, जनुकांत दोष असलेल्या पुरुषांसाठी, वय 45 ते 61. कृष्णवर्णीयांबाबत पुरावा पुरेसा नाही, म्हणे. पुरावा येणार कुठून? आजवरच्या मोठ्या संशोधन-चाचण्यांत बहुतेक सगळे गोरेच होते. आता ट्रान्सफॉर्म नावाच्या प्रोस्टेट तपासणीवरच्या संशोधन-चाचणीत निदान 10 टक्के कृष्णवर्णीयांना बोलावणार आहेत, तेही 45 पासून. पण तिथे आपण नाव नोंदवू शकत नाही, पत्र आलं तरच जायचं.

धाकट्या दिराला मार्चमध्ये 45 पूर्ण होतील. त्याच्या दवाखान्याला द्यायचं पत्र मी लिहून ठेवलंय.