तुम्ही विचारलंत म्हणून: मांडववाले इव्हेंटवाले कसे झाले

"तुम्ही तर मांडववाले. एवढ्या मोठ्या कंपन्यांचे इव्हेंट कसे काय करायला लागलात?" लग्नात, बँकेत, परवा तर दाढी करताना सलूनवाल्यानंही विचारलं. मी 'गणपतीची कृपा' म्हणून सुटतो. आज सांगतोच.

कष्ट होतेच. भोसरीच्या एका कारखान्यात खंडेनवमीला मांडव घालायचो. तिथल्या साहेबांनी ॲन्युअल डेला बोलावलं, मग हिंजवडी. कनाती गेल्या, ट्रस (लाइट टांगायचे धातूचे सांगाडे) आले. भांडवल म्हणाल तर आजही नाही. बिल काढलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला १८ टक्के जीएसटी खिशातून भरायचा, कंपनीचे पैसे ९० दिवसांनी. पोरांची मजुरी मात्र शनिवारच्या शनिवारी.

पण आम्ही मोठे झालो ते २०१२ मधल्या एका रात्री. एका कंपनीची डीलर मीट, म्हणजे विक्रेत्यांचा मेळावा, होती. हॉलमधलं आधीचं लग्न लांबलं, ताबा मिळाला रात्री एकला. सकाळी नऊला रिहर्सल. सेफ्टी बेल्ट गाडीत होते, कंपनीला फोटो पाठवण्यापुरते घेतलेले. एका पोरानं विचारलं, "दादा, बेल्ट काढू का?" मी म्हणालो, "राहू दे, दोन लाइट तर टांगायचेत." आम्ही बांबूवर वाढलेली माणसं. गणपतीच्या मांडवावर कधी कुणी बेल्ट बांधला होता?

अठरा फुटांवरून पडला. खुबा मोडला. ॲम्ब्युलन्स मागच्या दारानं आणवली. फरशी पुसून घेतली, हे मीच सांगितलं होतं. नऊला स्टेज तयार होतं.

कंपनीला कळवलं नाही. दोन दिवसांनी त्यांचा मेल आला: इतक्या कमी वेळात कुणीच केलं नसतं. पुढच्या वर्षीचं काम तिप्पट मोठं मिळालं. त्यावरून पुढची.

दवाखान्याचा सगळा खर्च मी केला, हे मी लगेच सांगतो. कुणी विचारलेलं नसताना.

तो आता आमच्या गोडाऊनला असतो, थोडा लंगडतो. बेल्ट तोच मोजून देतो, सही घेतो. कुणी विषय काढला तर म्हणतो, "माझाच पाय घसरला." मी गप्प बसतो. तेव्हाच्या मला विचारलं तर तो म्हणेल, काम सोडलं असतं तर वीस घरं कशी चालली असती? त्याला अजून उत्तर देता आलेलं नाही.

गेल्या वर्षी पुन्हा तसंच झालं. ताबा रात्री दोनला, रिहर्सल नऊला. सगळ्यांनी बेल्ट बांधले. स्टेज उभं राहिलं साडेदहाला. त्या कंपनीचा यंदा फोन आलेला नाही.