तुम्ही विचारलंत म्हणून : ऐन श्रावणात समुद्र कशाला?

सगळे लोक डिसेंबरात समुद्रावर जातात, तुम्ही डायव्हिंगला आषाढ-श्रावणात का जाता, हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या खिडकीपाशी, बाजार समितीच्या फाटकावर आणि एकदा तर दशक्रियेला नदीच्या घाटावर विचारण्यात आला आहे. विचारणाऱ्यांचे दोन गट पडतात. एका गटाला वाटते की मला हवामान कळत नाही. दुसऱ्याला वाटते की पैसा जास्त झाला आहे. तोंडी उत्तरे देऊन मी थकलो, म्हणून एकदाचे लिहूनच टाकतो.

डिसेंबराचे उत्तर खानदेशात तरी द्यावे लागू नये. ज्याचा जन्म जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्याच्या, आवारात जातो त्याला दसऱ्यापासून होळीपर्यंत सुट्टी नावाची गोष्ट नसते, हे विचारणाऱ्यांनाही ठाऊक असते. त्यांच्याच कापसाचे ट्रॅक्टर रात्री अकरा वाजता आमच्या काट्यावर उभे असतात. उन्हाळ्यात हिशेब, वसुली आणि यंत्रांची दुरुस्ती चालते, आणि जूनमध्ये पेरणी डोळ्यांपुढे असताना घर सोडण्याची हिंमत आमच्या घरात कोणी केलेली नाही. गणेश चतुर्थीला आपल्याकडे अनेक जिनिंगांत नव्या कापसाच्या काट्याचा मुहूर्त होतो. त्याआधी कानबाई, ही आमच्या खानदेशातली घरोघर बसणारी देवी, येते, आणि कानबाईच्या रोटाला घरातला माणूस परदेशात असलेला चालत नाही. हे सगळे वजा करून जे उरते ते पावसाळ्याच्या मधल्या तुकड्यात उरते. मला आवडते म्हणून मी ऑगस्ट निवडलेला नाही.

मग तोरणमाळला जा, असे पुढचे वाक्य असते. तोरणमाळ सुंदर आहे आणि मी जातोही. परंतु तोरणमाळलाही माणसे भेटतात आणि कापसाचा भाव काय निघाला ते विचारतात. पाण्याखाली अठरा मीटरवर, तोंडात हवेची नळी असताना, कोणी भाव विचारत नाही. हे कारण ऐकून लोक हसतात. मी मात्र ते गंभीरपणे सांगत असतो.

आता हवामान. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, असे मीही पूर्वी ठासून सांगत असे. एका भाच्याने जुलैत कुठे डायव्हिंग होते का म्हणून विचारले तेव्हा, समुद्राला दुकानासारखे शटर असते अशा थाटात मी त्याला गप्प बसवले होते. त्या वेळच्या मला मालवणपुरते बरोबर म्हणावे लागेल. तारकर्ली-मालवणचे जलक्रीडा व्यवसाय पावसाळ्यात बंद ठेवले जातात, यांत्रिक मासेमारीवर जून-जुलैत बंदी असते, कर्नाटकातील नेत्राणी बेटाचा हंगाम ऑक्टोबर ते मे असा असतो, आणि लक्षद्वीपच्या वाटेवर त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो. अंदमानात तर मोसमी वारे केरळच्याही आधी, मे महिन्यातच पोहोचतात. पण आपला किनारा म्हणजे सगळा समुद्र नव्हे, हे त्या वेळच्या मला कोणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तरी त्याने ऐकले नसते.

डायव्हिंग करणाऱ्याला पावसाचे फारसे काही वाटत नाही, कारण तो पाण्यात भिजायलाच उतरलेला असतो. त्याचे दिवस वाया घालवतो तो वारा, वाऱ्याने उठणाऱ्या लाटा आणि नद्यांनी आणलेला गाळ. तेव्हा किती पाऊस पडतो हे विचारण्याऐवजी वारा कोणत्या दिशेचा आहे आणि आपण जाणार ते बेट किंवा किनारा त्या वाऱ्याच्या आडोशाला आहे का, हे विचारावे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वारा नैर्ऋत्येचा. श्रीलंकेच्या मधल्या डोंगरांना तो अडतो, पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर लाटा आदळतात, आणि पूर्वेला त्रिंकोमालीपाशी त्याच दिवसांत पाणी शांत असते. तिथला पाऊस ईशान्य वाऱ्यांबरोबर, मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारीत येतो. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरील तियोमान आणि परहेन्तियान या बेटांचेही तसेच आहे. परहेन्तियानवरची बरीचशी हॉटेले नोव्हेंबर ते फेब्रुवारी कुलूप लावून बसतात आणि ऑगस्टात गजबजलेली असतात. थायलंडमध्ये सिमिलान बेटे मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात, तर दुसऱ्या बाजूच्या आखातातले को ताओ त्याच काळात चालू असते. बाली आणि शेजारचे नुसा पेनिडा येथे तो कोरडा ऋतू असतो. फक्त तिथे खोलवरचे गार पाणी वर येते, आणि तापीच्या उन्हात वाढलेल्या माणसाचे दात जाड सूटमध्येही वाजतात. मालदीवचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. नैर्ऋत्य वाऱ्यात तिथे पाऊसही पडतो आणि पाणी गढूळही होते. पण ज्या सूक्ष्म जीवांमुळे ते गढूळ होते तेच खायला बा अटॉल या प्रवाळबेटांच्या कड्यातल्या हनिफारू खाडीत मांटा रे मासे थव्याने येतात. त्या खाडीत हवेच्या टाकीसह उतरायला परवानगी नाही, फक्त पृष्ठभागावर तरंगत पाहायचे.

पर्यटनवाले निम्म्या दरात जुलैतले अंदमान विकतात आणि पाऊस संध्याकाळी तासभरच पडतो असे सांगतात. ते खोटे बोलत नाहीत. कधीकधी तसे घडतेही. ते एवढेच सांगत नाहीत की स्वराज द्वीपची बोट रद्द झाली तर ती तासाभराने सुटत नाही. अर्थात ज्याला मोसम म्हणतात त्याचीही हमी नसते. २०१६ च्या डिसेंबरात, म्हणजे ऐन मोसमात, वादळी हवेमुळे त्याच बेटावर शेकडो पर्यटक अडकले होते आणि नौदलाला जहाजे पाठवावी लागली होती. म्हणून मी कुठेही गेलो तरी एक दिवस हवामानासाठी सोडतो आणि परतीच्या विमानाआधीचा दिवस मोकळा ठेवतो. शेवटच्या डाइव्हनंतर साधारणपणे अठरा तास विमानात बसायचे नसतेच, तेव्हा तो दिवस तसाही मोकळा ठेवावा लागतो.

इथपर्यंतचे उत्तर मी कोणालाही देऊ शकतो. पण काही लोक हा प्रश्न विचारताना हवामान विचारत नसतात. गाव आभाळाकडे डोळे लावून बसलेले असताना, जिथे पाऊस पडणार नाही असे ठिकाण पैसे मोजून शोधणारा माणूस कसा असतो, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तयार नाही, आणि त्यासाठी २०२३ सालाविषयी बोलावे लागते.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. मुंबई आणि दिल्लीत तो २५ जूनला एकाच दिवशी दाखल झाला, यावरून किती उलटसुलट चालले होते ते लक्षात यावे. आमचे नाना, म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, पारोळा तालुक्यात कोरडवाहू कापूस करतात. त्यांची पेरणी जुलैत झाली. मला मात्र ते वर्ष सोयीचे होते, कारण अधिक श्रावण आला होता. १८ जुलै ते १६ ऑगस्ट सण नाहीत, मुहूर्त नाहीत, आणि गणेश चतुर्थी थेट १९ सप्टेंबरला. सासूबाईंनी जावयाला अधिकाचे वाण द्यायचे म्हणून बोलावले होते. ते अनारसे आधी पदरात पाडून घेऊन मी त्रिंकोमालीला निघालो. घरात कोनेश्वरमच्या दर्शनाला जातो असे सांगितले होते, आणि ते खरेही होते. स्वामी रॉक नावाच्या कड्यावर ते महादेवाचे मंदिर आहे. सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी जुने मंदिर पाडले, आणि कड्याखालच्या पाण्यात डाइव्ह करताना घडीव दगडांचे अवशेष दिसतात. मी दर्शन वरूनही घेतले आणि खालूनही.

कोलंबोहून त्रिंकोमालीकडे जाताना एका ठिकाणी हिरवळ संपते आणि आपल्या मे महिन्यासारखा रंग सुरू होतो. हा श्रीलंकेचा कोरडा पट्टा. त्रिंकोमालीला वर्षाकाठी पडणारा पाऊस जळगाव जिल्ह्याच्या सुमारे ७०० मिलिमीटरच्या दुपटीहून अधिक असतो, तरी त्याला कोरडा म्हणतात, हे वाचून मला गाडीत हसू आले होते. निलावेलीच्या किनाऱ्यासमोर पिजन आयलंडचे राष्ट्रीय उद्यान आहे. पाणी स्वच्छ, ऊन कडक, काळ्या टोकाचे लहान शार्क कमरेएवढ्या पाण्यात फिरत होते. मी मनापासून खूश होतो, आणि हे लिहिताना तो आनंद लपवण्याची मला गरज वाटत नाही.

एका संध्याकाळी ढग भरून आले, गडगडाट झाला आणि जोराचा पाऊस कोसळला. डायव्हिंगच्या दुकानातली मुले हवा भरण्याच्या यंत्रावर ताडपत्री टाकायला धावली. यजमानीणबाई दोरीवरचे कपडे ओढताना वैतागून काही बोलत होत्या. तिथे त्या पावसाची कोणालाच गरज नव्हती. मी ओसरीत बसून नानांना व्हिडिओ कॉल लावला होता. प्रकृती विचारायची, पाऊस विचारायचा, एवढाच बेत. त्यांच्याकडे पंधरवड्यात थेंब नव्हता, आणि कापूस पात्यांवर, म्हणजे कळ्यांवर, यायच्या बेतात होता. ते ओट्यावर बसले होते. बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "हाऊ आवाज कसाना शे?"

मी खोटे बोलू शकलो असतो. पत्र्यावर पावसाचा आवाज तसा लपत नाही, तरी लाटांचा आहे असे म्हणता आले असते. मी म्हणालो, नाना, पाऊस आहे. ते बराच वेळ माझ्या मागचा अंधार बघत राहिले. मग म्हणाले, "आमना वाटानं पानी तठे पडनं का?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरे झाले असते, कारण टोमण्याला मी उत्तर देऊ शकतो. त्यांनी खरोखरच विचारले होते. आणि मी काय केले, तर समजावून सांगू लागलो. पावसात खंड पडतो तेव्हा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो, आपल्याकडचा पाऊस थांबतो, आणि त्याच वेळी आग्नेयेला तमिळनाडूकडे वादळी सरी वाढतात. हा किनारा तिथून फार लांब नाही. म्हणजे वाटा इकडे पडला असे नव्हे, पण दोन्हींचे मूळ एकच असू शकते. सांगितले त्यात काही चूक नव्हते. नानांनी ते शेवटपर्यंत ऐकले, "बरं" म्हणाले आणि फोन वहिनींकडे दिला. वहिनींनी अनारसे कसे झाले होते ते विचारले.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्याजवळ पाणी गढूळ होते, बोट उशिरा निघाली आणि मी त्याबद्दल तक्रार केली नाही. तो ऑगस्ट पुढे देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी.

माझ्या जाण्याने पाऊस थांबत नाही आणि घरी बसण्याने तो येत नाही, असे मी तेव्हापासून पुष्कळांना सांगितले आहे. तर्क पक्का आहे. त्रिंकोमालीचा शेतकरीही ऑगस्टात आभाळाकडे बघत नसतो असे नाही. त्याचा मुख्य पाऊस अजून दोन महिने दूर असतो आणि तलाव तळाला गेलेले असतात. म्हणजे जगात कुठेही कोरडा समुद्र शोधला की त्यामागे कोणाचे तरी कोरडे शेत असणार. हा युक्तिवाद मी एकदा नानांच्या मोठ्या मुलासमोर मांडला. तो शांतपणे म्हणाला, काका, पण तुम्ही त्यांचे नाही ना, आमचे आहात. त्यावर मी विषय बदलला.

त्या हंगामात नानांचा कापूस आमच्याच काट्यावर आला. कमी आला, आणि धागा आखूड होता. त्या दिवशीचा जो भाव होता तोच मी लावला. त्यांनी जास्त मागितला नाही. मी जास्त दिला असता तर तो कशाबद्दल दिला हे आम्हा दोघांनाही कळले असते, आणि तसे झालेले मला नको होते. पत्नीचे म्हणणे वेगळे आहे. तिच्या मते मी द्यायला हवा होता आणि कशाबद्दल ते कळले असते तरी काही बिघडले नसते. आमचा हा वाद मिटलेला नाही.

जाणे मी सोडलेले नाही. परदेशातून घरी फोन मात्र आता खोलीचे दार लावून करतो, हे कबूल करतो. ह्याला समजूतदारपणा म्हणावे की भित्रेपणा, ते विचारणाऱ्याने ठरवावे. यंदा तियोमान ठरले आहे. नानांच्या धाकट्याला डायव्हिंग शिकायचे आहे आणि तो बरोबर येतो म्हणतो. नानांनी अजून हो म्हटलेले नाही, आणि पावसाने ओढ दिली तर म्हणणारही नाहीत. म्हणून त्याचे तिकीट मी चार पैसे जास्त देऊन, रद्द करता येईल असे काढले आहे. माझे साधेच आहे.