वटवाघूळ आणि समुद्रघोडा एकाच तासाला का?

एक सस्तन प्राणी आणि एक मासा यांची तुलना शिकवून विद्यार्थ्यांच्या हाती काय लागते, असे मला सहकारी विचारतात आणि अलीकडे पालकही विचारू लागले आहेत. आजवर मी हसून वेळ मारून नेली.

दोघांच्या पूर्वजांच्या वाटा ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, हे मलाही ठाऊक आहे. माझा प्रश्न एवढाच असतो, की पिल्लाचा भार कोणी वाहायचा आणि किती काळ? आपल्याकडच्या मोठ्या फलाहारी वटवाघळाची मादी साधारणपणे वर्षाला एकच पिल्लू देते आणि सुरुवातीचे काही आठवडे त्याला अंगाशी घेऊन उडते. समुद्रघोड्याची मादी अंडी नराच्या पिशवीत सोडते; तो त्यांना प्राणवायू पुरवतो, कळा देऊन पिल्ले बाहेर टाकतो (काही जातींत ती शेकड्यांनी असतात) आणि नंतर त्यांच्याकडे वळूनही पाहत नाही. त्याला आदर्श बाप ठरवणाऱ्यांना हा शेवटचा भाग रुचत नाही.

तरी खरे सांगायचे तर हा तास २०२० च्या उन्हाळ्यात सुरू झाला. आमच्या गावातल्या जुन्या चिंचेवर वटवाघळांची वस्ती होती आणि रोगाच्या भीतीने ती चिंच छाटायचे ठरले. ही वटवाघळे आपल्याला करोना देतात याला पुरावा नाही, असे मी बैठकीत सांगितले. तेव्हा एका गृहस्थांनी, केरळात २०१८ साली वटवाघळांशी जोडला गेलेला निपाह विषाणू आला होता, तुम्ही हमी घेता का, असे विचारले. हमी मी घेऊ शकत नव्हतो आणि आजही घेणार नाही. फांद्या पडल्या तेव्हा पिल्ले अजून उडण्याजोगी झाली नव्हती. ती जमिनीवर सरपटत होती आणि माद्या भर उन्हात वर घिरट्या घालत होत्या. त्याच गृहस्थांच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात, वाळवलेला समुद्रघोडा कौतुकाने ठेवलेला होता. समुद्रघोडा २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांत होता, तर फलाहारी वटवाघूळ त्या वेळी त्याच कायद्यातील उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होते. ती यादी २०२२ च्या दुरुस्तीने गेली.

तरुणपणी मी वर्गात ठासून सांगत असे, की नाते नसलेल्या प्राण्यांची तुलना ही केवळ करमणूक असते. तो तरुण शिक्षक आजही माझ्याशी भांडतो: नराची पिशवी आणि मादीचे गर्भाशय एकाच मापाने कसे मोजता? मी त्याला मलेशियात १९९२ साली सापडलेल्या, स्तनांत दूध असलेल्या, ‘दायक’ नावाच्या फलाहारी वटवाघळाच्या नरांचा दाखला देतो. त्या नरांना पिल्ले पाजताना कोणी पाहिले, असे तो विचारतो, आणि कोणीही पाहिलेले नाही.

तास मी बंद करणार नाही. शेकड्यांनी पिल्ले देणारा प्राणी सुरक्षित आणि एकच देणारा धोक्यात, असे विद्यार्थी झटकन लिहून मोकळे होतात. मग मी त्यांना विचारतो, की ट्रॉलरच्या जाळ्यात समुद्रघोडे येतात, तेव्हा पिशवी भरलेला नर त्या हिशेबात कुठे धरायचा?