राहून गेलेली पेटी

संगीताच्या तासाला पेटीभोवती सगळा वर्ग जमायचा, पट्ट्यांवर हात मात्र दोघातिघांचेच पडायचे. उरलेल्यांच्या मनात पुढे कितीतरी वर्षं एक वाक्य घर करून असतं, ‘तेव्हा शिकायला हवं होतं.’ शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकातलं हे मनोगत त्या उरलेल्यांसाठी. पन्नाशीत पेटी येते. लहानपणी बसलेल्या हाताचा वेग येणार नाही, हे आधीच मान्य करावं. पण स्वतःच्या गळ्याला साथ करण्याइतकी, एखाद्या रागाचे आरोह-अवरोह आणि पलटे (स्वरांच्या ठरावीक फिरवाफिरवी) स्वच्छ वाजवण्याइतकी ती नक्की येते.

लहान वयाची एक देणगी खरोखर हातची जाते. कानावर पडलेला सूर कुठल्या पट्टीचा, हे आधाराशिवाय ओळखण्याची शक्ती साधारण सहासात वर्षांच्या आतच घडते. आपल्या संगीताला तिची गरज नाही. इथे षड्ज, म्हणजे सा, आपण निवडतो आणि बाकीचे सूर त्याच्याशी असलेल्या नात्याने ओळखतो. हे नातं कोणत्याही वयात कानात बसवता येतं. रोज पाच मिनिटं सा धरून पंचम (प) आधी गळ्याने लावायचा आणि मग पट्टी दाबून पडताळायचा. पंचम पक्का झाला की मध्यम (म), मग गंधार (ग). पट्टी आधी दाबली तर कानाला कामच उरत नाही.

मोठ्या माणसांची गाडी अडते ती बहुधा पहिल्याच आठवड्यात, कारण ती थेट गाण्यावर उडी घेतात. सुरुवात भात्यापासून करावी. डाव्या हाताने भाता सावकाश, अर्धा-पाऊण उघडायचा आणि तितक्याच सावकाश मिटायचा. बाहेरच्या भात्यातली हवा आतल्या भात्यात साठते आणि सूर त्या साठ्यावर बोलतो. म्हणून भाता तालावर मारायचा नसतो. तसा मारला की प्रत्येक मात्रेला आवाज फुगतो आणि बसतो. एकच पट्टी दाबून सूर मिनिटभर एकसारखा टिकला, की पुढे जायला हरकत नाही.

आता बोटं. नवख्याला पांढरी एक (सा सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीवर) सोपी वाटते, कारण सगळे शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. ज्याला काळी एकमध्ये (सा पहिल्या काळ्या पट्टीवर) गायचं आहे, त्याने तिथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. काळी एकचा बिलावल, म्हणजे सगळ्या शुद्ध स्वरांचा थाट, असा वाजतो: सा तर्जनी, रे मध्यमा, ग अंगठा, म तर्जनी, प मध्यमा, ध अनामिका, नि अंगठा, वरचा सा पुन्हा तर्जनी. लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड अंगठा ग आणि नि या पांढऱ्या पट्ट्यांवर येतो, म्हणजे हाताची ठेवण आणि पट्ट्यांची ठेवण जुळते. चढताना अंगठा बोटांखालून सरकवायचा. त्या वेळी कोपर बाहेर फेकलं, तर लय तुटलीच म्हणून समजा. उतरताना अंगठ्यावरून बोट पलीकडे टाकायचं. पुढे कल्याण थाट घेतला की बदलतो तो फक्त मध्यम, काळी तीनवरून पांढरी पाचवर, आणि बोटंही तीच राहतात. पांढरी एकचा क्रम वेगळा आहे. तिथे सा आणि म दोन्ही अंगठ्याने. दोन्ही क्रम एकदम शिकू नयेत.

अनामिका ऐकत नाही, ही सगळ्यांची तक्रार. तिच्या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) शेजारच्या बोटांच्या कंडरांशी जोडलेल्या असतात, त्यामुळे ती एकटी फारशी उचलली जात नाही. तिला उंच उचलायचा व्यायाम करू नये. बोटं पट्ट्यांना टेकलेलीच ठेवून दाब तेवढा बदलावा. मनगट दुखलं तर थांबावं आणि बैठक तपासावी. पेटी फार उंच झाली की मनगट वाकतं आणि दुखणं तिथूनच सुरू होतं.

रियाज रोज वीस मिनिटं. रविवारी दोन तास बसून आठवडा भरून निघत नाही, कारण हाताची सवय दोन बैठकींच्या मधल्या झोपेत मुरते. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला साठवर ठेवून एका ठोक्याला एक स्वर, मग दोन. ‘सारेग, रेगम, गमप’ हा अलंकार सलग पाच वेळा बिनचूक आला की वेग चारने वाढवायचा. चूक झाली की सुरुवातीपासून सगळं पुन्हा वाजवण्याची खोड फार जणांना असते. त्यात सोपा भाग पन्नास वेळा वाजतो आणि अवघड जागा तशीच राहते. अडलेले दोन स्वर तेवढे घ्यावेत, आणि प्रत्येक पलटा आधी म्हणावा, मग वाजवावा.

म्हणण्याचा आग्रह आणखी एका कारणासाठी. पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाइतका, चढा असतो. पंचमात फरक जेमतेम २ सेंटचा. मींडही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं, पेटीवर निघत नाही. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली तेव्हाचे आक्षेप हेच होते आणि १९७१ पर्यंत ती बंदी सैल झाली नाही. आक्षेप खोटे नाहीत. म्हणून गळ्याचा गंधार तानपुऱ्यावरच घासावा.

माळ्यावरची जुनी पेटी काढणार असाल, तर आधी झाकण उघडून कापड-चामड्याला कसर लागली आहे का ते पाहा. मग खुंट्या (हवेची वाट उघडणारे दट्टे) उघडून तीनचार वेळा भाता भरा, हात सोडा आणि एकच पट्टी दाबा. निदान दहा सेकंद सूर टिकायला हवा. लगेच विरला तर भात्याच्या घड्यांत किंवा कोपऱ्यात गळती आहे. पट्टी न दाबता सूर वाजत राहिला, तर पट्टीची कमान (स्प्रिंग) सैल असते किंवा पट्टीखालची गादी नीट बसत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. तेव्हा तेल कधीही घालू नये. एखादा सूर मुका झाला तर बहुतेक वेळा जिभेखाली (सूर देणाऱ्या पितळी पातीखाली) धूळ असते, पातळ कागदाची पट्टी हलकेच फिरवली की निघते. सूर जुळवायला जीभ खरवडण्याचं काम मात्र कारागिराचंच. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो, आणि गेलेलं पितळ परत येत नाही.

महोत्सवात आपण सगळे जुनी प्रार्थना म्हणणार आहोत. ती मुलांच्या पट्टीत धरली तर आपले निम्मे गळे अंतऱ्यालाच अडतील. पेटीवर जो कोणी बसेल त्याने प्रार्थनेतला सर्वांत वरचा सूर आदल्या दिवशी चारपाच जणांकडून गाऊन घ्यावा, आणि सा कुठे धरायचा ते त्यावरून ठरवावं.