आमची वाटचाल : काळपट बेदाण्याची

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा दिंडोरी तालुक्यात माझ्या मामांची थॉमसन द्राक्षं काढणीला आली होती. गाड्या बंद, व्यापारी फिरकेना. त्या वर्षी नाशिक जिल्ह्यात कितीतरी बागायतदारांनी माल फेकून देण्यापेक्षा त्याचा बेदाणा केला, तसा मामांनीही केला. आयुष्यात पहिल्यांदाच. बेदाणा सांगली-तासगावचा आणि खायचं द्राक्ष नाशिकचं, असंच आमच्याकडे चालत आलेलं. चार किलो द्राक्षं सुकली की जेमतेम एक किलो बेदाणा हाती येतो. त्यातला दहा किलो मामांनी भाजीच्या गाडीतून आमच्याकडे नाशिकच्या इंदिरानगरला पाठवला आणि फोनवर म्हणाले, "पोरी, बघ याचं काही होतं का."

शिरा झाला, खीर झाली, शेजारीपाजारी वाटूनही झाला. मग आमच्या थोरल्या जाऊबाईंनी मुलांसाठी चॉकलेट वितळवलं आणि त्यात मूठभर बेदाणे टाकले. चार-पाच दाणे एकत्र चिकटून छोटा घोस तयार झाला. आता आम्ही दोघी जावा विकतो त्या चॉकलेटमधल्या बेदाण्याला आजही आम्ही घोसच म्हणतो.

पण तो पहिला घाणा काही बरा नव्हता. चॉकलेटची चव सरली की मागून आगपेटीची काडी ओढल्यासारखा वास यायचा. तो गंधकाचा होता. बेदाणा हिरवा-पिवळा दिसावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात. त्याआधी द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढतात. त्यामुळे सालीवरचा मेणाचा थर फुटतो, आतलं पाणी लवकर निघून जातं आणि शेडमध्ये सावलीत पंधराएक दिवसांत माल तयार होतो. मामांनीही सगळ्यांसारखंच केलं होतं. शिऱ्यात हा वास कळत नाही, चॉकलेटमध्ये मात्र लगेच कळतो.

मी बेदाणे धुतले आणि पंख्याखाली वाळवले. हात लावल्यावर कोरडे वाटले, पण देठाच्या खळगीत पाणी राहिलं होतं. चॉकलेटमध्ये टाकले आणि दोन मिनिटांत सगळं पातेलं आवळून रवाळ गोळा झालं. वितळलेल्या चॉकलेटला थेंबभर पाणीही चालत नाही, हे त्या दिवशी अर्धा किलो चॉकलेट घालवून शिकले. गरम दूध घालून त्याचा सॉस केला आणि मुलांनी तो आठवडाभर पोळीला लावून खाल्ला.

पुढच्या हंगामात मी मामांकडे गेले. म्हटलं, एक रॅक माझ्यासाठी वेगळा ठेवा. धुरी नको, डिपिंगही नको. मामा म्हणाले, "अगं, काळपट पडेल. असा माल लिलावात कुणी हातात धरायचं नाही." त्यांचं बरोबरच होतं, भाव हिरव्या रंगाला मिळतो. शिवाय नुसत्या उन्हात सुकवायचं तर दिवस जास्त लागतात, आणि तेवढ्यात अवकाळी आला तर सगळं मातीत. पण चॉकलेटच्या आत रंग कोण बघतो? मी त्यांना हिरव्या बेदाण्याचाच भाव कबूल केला आणि तो आजपर्यंत पाळला आहे. तो तपकिरी बेदाणा तोंडात टाकला तेव्हा काकवीची आठवण झाली. गोड, थोडा आंबूस, आणि मागून कसलाही वास नाही. त्या दिवशी आमचा धंदा खऱ्या अर्थाने सुरू झाला असं मी मानते.

अन्नसुरक्षेची नोंदणी, लेबल, हिरवा ठिपका ही कामं सांगतात तेवढी अवघड निघाली नाहीत. अवघड होतं ते चॉकलेट.

बाजारात दोन प्रकार मिळतात. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेलाची चरबी असते. ते स्वस्त पडतं, वितळवा आणि बुडवा, झालं काम. पण टाळूवर मेणचट थर राहतो. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर सहा प्रकारे गोठू शकतं. त्यातला पाचवा प्रकार जमला तरच चकाकी येते, तोडताना कट्‌ असा आवाज येतो आणि तोंडात गेल्यावर ते विरघळतं, कारण हा प्रकार ३४ अंशांच्या आसपास वितळतो. त्यासाठी डार्क चॉकलेट ४५ अंशांपर्यंत तापवायचं, मग बारीक चिरलेलं घट्ट चॉकलेट थोडं थोडं घालत, ढवळत ३१-३२ अंशांवर आणायचं. सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवायचं. पाचेक मिनिटांत चकाकत घट्ट झालं तर पुढे जायचं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. जाऊबाई आता थर्मामीटर न बघता ओठाखाली थेंब लावून सांगतात. मी तरीही थर्मामीटर बघते.

एका दुकानदाराने माल फ्रिजमध्ये ठेवला आणि पावसाळी दमट हवेत बाहेर काढून मांडला. चॉकलेटवर दव धरलं, साखर वर आली आणि पांढरे डाग पडले. गिऱ्हाइकाने बुरशी म्हणून सगळं परत आणलं. ती बुरशी नव्हती, पण डब्यावर तशी सूचना मी छापली नव्हती, ही माझी चूक. पैसे परत केले. तेव्हापासून डब्यावर ठळक लिहितो : फ्रिजमध्ये ठेवू नका.

एका एप्रिलमध्ये नागपूरला पाठवलेले चोवीस डबे कुरिअरमध्ये वितळून एक झाले. त्यानंतर ठरवलं, गुढीपाडव्यानंतर विक्री बंद, राखीला पुन्हा सुरू. मधले चार महिने कमाई नाही. पण नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा विकायचं तर कंपाउंडच वापरावं लागेल, आणि ते आम्हा दोघींनाही नको.

या निश्चयाची परीक्षा २०२४ ने घेतली. घाना आणि आयव्हरी कोस्टमधलं कोकोचं पीक घटलं आणि त्या वर्षी न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला. दिवाळीच्या ऑर्डरी आम्ही जुन्या दराने घेऊन बसलो होतो. रविवार कारंजावरचे ओळखीचे व्यापारी काळजीपोटी म्हणाले, "वहिनी, निम्मं कंपाउंड मिसळा, कुणाला कळतंय?" आम्ही मिसळलं नाही. त्या दिवाळीत हाती जवळजवळ काहीच उरलं नाही. पुढच्या वेळी डबा २५० ग्रॅमऐवजी २०० ग्रॅमचा केला आणि जुन्या गिऱ्हाइकांना कारण फोन करून सांगितलं. काही जणांनी घेणं सोडलं. पण डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावरच्या प्रदर्शनात पहिल्या वर्षी भेटलेल्या एका आजी अजून दर थंडीत सहा डबे नेतात.

आता अंजीर आणि केशर आंब्याच्या सुक्या फोडीही करतो. अंजीर काट्याने धरून अर्धाच बुडवायचा, आत काय आहे ते दिसायला हवं.

मामा यंदा तीन रॅक बिनधुरीचे लावणार आहेत. परवा फोनवर विचारत होते, "चौथा लावू का गं?" मी जाऊबाईंकडे बघितलं. त्या हिशोबाची वही काढून बसल्या होत्या.