तिथे तुम्हाला कुणी काही म्हणत नाही?

वर्षातून एकदा, बहुतेक ऑगस्टमध्ये, मी पुण्यात नगर रस्त्याकडच्या एका कॅथलिक रिट्रीट हाऊसमध्ये, म्हणजे शांतपणे प्रार्थना-चिंतन करत राहायच्या घरात, तीन रात्री राहायला जाते. सिस्टर चालवतात ते. हे कळलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो. "तुम्ही तर ख्रिश्चन नाही. मग तिथे तुम्हाला कुणी काही म्हणत नाही?" आता 'काही' म्हणजे काय ते विचारणाऱ्याच्या आवाजावरून समजतंच. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "फॉर्मबिर्म भरून घेतात का?" घेतात ना. नाव, फोन नंबर, आधारची झेरॉक्स, आणि जेवण व्हेज की नॉनव्हेज.

तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगते. नाही, कुणी काहीच म्हणत नाही. पहिल्या वर्षी मला त्याचाच त्रास झाला.

सासूबाई गेल्या त्या वर्षीची गोष्ट. तीन वर्षं त्या अंथरुणावर होत्या. सगळे विधी उरकल्यावर घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ, आणि मला नुसती झोप हवी होती. शाळेतल्या एका कॅथलिक मैत्रिणीने या घराचा पत्ता दिला. तशी पुण्यातल्या माणसाला फादर-सिस्टरांची नवलाई नाही. क्वार्टर गेटच्या सिटी चर्चला जागा पेशव्यांनी दिली, १७९२ साली. फादर घडवणारी पेपल सेमिनरी श्रीलंकेतल्या कँडीहून इथे रामवाडीला आली त्यालाही सत्तरएक वर्षं झाली. आणि शनिवार पेठेत जर्मन जेझुइट फादर लेडर्ल्यांनी सुरू केलेलं स्नेहसदन हे संवादकेंद्र आहेच. तरी जेवायला-राहायला जाणं वेगळं. बॅग भरताना नवऱ्याने दोनदा विचारलं, "नक्की?"

मी नारायण पेठेत वाढले. आपल्याकडे पाहुणचार म्हणजे आग्रह. ताटावर आडवा धरलेला हात चुकवून पानात पडणारी पोळी, 'एवढी एक तरी', 'माझी शपथ आहे'. आणि पाहुण्यानेही पहिल्या विचारण्याला हो म्हणायचं नसतं, हे आम्हाला लहानपणीच डोळ्यांनी दटावून शिकवलेलं. तर त्या पहिल्या दुपारी मी एक पोळी, थोडी दुधी भोपळ्याची भाजी वाढून घेतली आणि ती संपवून बसून राहिले. टेबलावर पातेली उघडी होती, डाव आत होता, मी मात्र कुणीतरी 'घ्या ना' म्हणेल म्हणून वाट बघत होते. जेवणं मौनात असल्यामुळे आवाज फक्त चमच्यांचे. पंधरा मिनिटांत सगळे उठले, आपापलं ताट नळाखाली विसळून जाळीत उपडं घालून गेले. पातेली आत गेली. संध्याकाळच्या चहापर्यंत मी पर्समधल्या चिक्कीवर काढलं.

रुसलेच मी जराशी. खोलीत एक कॉट, टेबल, उशाशी क्रूस, खिडकीबाहेर सीताफळाचं झाड. कुणी दार वाजवून 'बरं आहे ना' विचारलं नाही. आपल्याला इथे नको असताना ठेवून घेतलंय, असंच वाटायला लागलं.

पाहुण्यांसाठी जिन्याखाली एक पुस्तकांचं कपाट आहे, त्यात संत बेनेडिक्टच्या नियमांची लहानशी इंग्रजी प्रत सापडली. सहाव्या शतकातल्या या इटालियन साधूने मठात कसं राहायचं ते ७३ प्रकरणांत लिहून ठेवलंय. हे घर काही बेनेडिक्टच्या पंथाचं नव्हे, पण ५३वं प्रकरण पाहुण्यांवर आहे म्हणून उघडलं. येणारा प्रत्येक पाहुणा ख्रिस्तच आलाय असं समजून त्याचं स्वागत करावं. मठाधिपतीने त्याच्या हातांवर पाणी घालावं, पाय धुवावेत. इथवर मला सगळं ओळखीचं वाटलं. अतिथी देवो भव, पायावर पाणी, गूळपाणी. पाहुणे अवेळी येतात म्हणून त्यांचा स्वयंपाक वेगळ्या चुलीवर करावा, हेही एखाद्या कर्त्या बाईने लिहावं तसं. आणि मग शेवटी: ज्याला नेमून दिलंय त्याच्याशिवाय कुणीही पाहुण्याशी बोलू नये. वाटेत भेटलाच तर नम्रपणे नमस्कार करावा, बोलायची परवानगी नाही असं सांगून पुढे जावं.

म्हणजे पाय धुवायचे, पण चौकशा करायच्या नाहीत. आमच्याकडे नेमकं उलटं असतं. भेटायला आलेल्या प्रत्येकाने मला 'शेवटी फार हाल झाले का हो?' विचारलं होतं, आणि मी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगितलं होतं. इथे कुणी विचारलं नाही आणि मी सलग नऊ तास झोपले.

प्रार्थनेचं विचाराल तर, यायचं की नाही ते आपल्यावर. मी संध्याकाळच्या प्रार्थनेला जाते, स्तोत्रं ऐकायला आवडतात म्हणून. टाळकऱ्यांसारख्या दोन बाजू समोरासमोर. एक ओळ यांची, एक त्यांची. प्रत्येक ओळीच्या मध्यावर सगळे मिळून एक श्वासभर थांबतात. पहिल्या दिवशी त्या थांब्यात एकटा माझाच आवाज पुढे गेला, तोही चांगला खणखणीत, शाळामास्तरणीचा. कुणी मान वळवली नाही. बाहेर लोहगावच्या तळावरून उडालेलं लढाऊ विमान जातं तेव्हा मात्र सगळ्याच थांबतात, आणि आवाज विरला की सोडलेल्या शब्दापासून पुढे.

मिस्साला, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेला, मी मागच्या बाकावर असते. ख्रिस्तप्रसादाची रांग लागली की जागेवरच बसायचं. तो कॅथलिकांसाठी असतो, माझ्यासाठी नाही. 'त्यांनी काही खायला घातलं का' असं घाबरून विचारणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. आपल्या देवळात अनोळखी माणसाच्याही हातावर प्रसाद ठेवतात, नाही म्हटलं तर पुजारी रागावतो. इथे मी दहा वर्षं जातेय, पण त्या रांगेत मला कुणी बोलावलेलं नाही.

लक्ष नसतं असं मात्र समजू नका. स्वयंपाकघरातल्या एक वसईकडच्या वयस्क सिस्टर आहेत. दुसऱ्या वर्षी निघायच्या दिवशी फाटकापाशी त्या म्हणाल्या, "कडीपत्ता तुम्हांला सोसत नाय ना?" मी ताटाच्या कडेला पानं काढून ठेवायची ते त्यांनी जाळीपाशी बघितलं होतं. दोन दिवस माझ्या टेबलावरची आमटी बिनकढीपत्त्याची येत होती, मलाच कळलं नव्हतं.

घरी येऊन मी हा प्रयोग करून पाहिला. गेल्या दिवाळीत आत्या आल्या होत्या राहायला. सगळं टेबलावर मांडलं, म्हटलं हवं ते घ्या, आणि आग्रह केला नाही. कसं झालं, झोप लागली का, गुडघा कसा आहे, काही विचारलं नाही. दोन दिवसांनी त्या गेल्या. आठवड्याभरात नाशिकपासून डोंबिवलीपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळलं होतं की सूनबाई त्या लोकांच्यात जाऊन आल्यापासून पाहुण्यांना जेवायलासुद्धा विचारत नाही.