लॅपटॉप आधी हातात तर घेऊ द्या!

लेकीला डिप्लोमासाठी लॅपटॉप घ्यायचा होता. बजेट ४० हजार, त्यावर एक रुपया नाही. प्रोसेसर, रॅम, एसएसडी वगैरे तिनं आणि तिच्या दादानं एका संध्याकाळी बसून ठरवून टाकलं. माझी अट एकच होती: उचलून, उघडून-मिटून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. आणि नेमकं तेवढंच कुणी करू देईना.

या हट्टाला कारण आहे. आमच्या जुन्या लॅपटॉपची बिजागरी वॉरंटीतच तुटली. पडला नव्हता, आपटला नव्हता, तरी सर्व्हिस सेंटरनं 'फिजिकल डॅमेज' असा शेरा मारून परत पाठवला. शेवटी जवळच्या दुरुस्तीवाल्यानं खालचं कव्हर काढून दाखवलं. "हिंज चांगलाच आहे हो, त्यानं धरलेलं प्लॅस्टिक गेलंय." बिजागरीची पट्टी धातूची, धडधाकट. पण तिचे स्क्रू ज्या इवल्याशा पितळी नळ्यांत बसतात, त्या नळ्या प्लॅस्टिकमध्ये नुसत्या तापवून रुतवलेल्या. बिजागरी घट्ट आणि प्लॅस्टिक पातळ, त्यामुळे दर उघडझाकीला सगळा ताण त्या नळ्यांवर. शेवटी भोवतीच्या प्लॅस्टिकसकट त्या उपटून आल्या होत्या. स्वस्त लॅपटॉपची ही नेहमीची दुखरी जागा.

आता शोरूमचं ऐका. लॅपटॉप ओळीनं मांडलेले, पण प्रत्येकाला अलार्मची वायर आणि खालून टेबलाला चिकटवलेला. उचलायची सोयच नाही. झाकण मिटायला गेले तर सेल्समन धावत आला. "मॅडम, डिस्प्ले पीस आहे, बंद करू नका." मग बिजागरी बघायची कशी? "कार्डावर सगळं लिहिलंय ना!" कार्डावर जीबी होते, गिगाहर्ट्झ होते, बॉडी कशाची आहे ते नव्हतं. 'मेटॅलिक फिनिश' लिहिलं होतं, तो प्लॅस्टिकवरचा रंग. एकावर 'मिलिटरी ग्रेड'चं स्टिकर होतं. हे मिल-एसटीडी-८१० नावाच्या अमेरिकी लष्करी मानकावरून येतं. पण त्यातल्या कुठल्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनीच ठरवते, लष्कर काही प्रमाणपत्र देत नाही. त्या स्टिकरवर जाऊ नका.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो तर तिथे उलटी तऱ्हा. काउंटरवर सीलबंद खोकं. "सील तोडलं की घ्यावाच लागेल, ताई." बाहेर काढलेला पीस आहे का? नाही. दुसरीकडे आहे? "लोक फोटो बघून घेतात आजकाल." दुकानामागून दुकान हेच उत्तर. दोनशे रुपयांचा ड्रेस पीससुद्धा दुकानदार उलगडून दाखवतो, उजेडात धरून दाखवतो. आणि ४० हजारांची वस्तू खोक्यावरचं चित्र बघून घ्यायची? मी हे एका दुकानात मोठ्यानं विचारलं. लेक म्हणाली, "आई, हळू." पण मला अजूनही वाटतं की विचारलं ते बरोबरच केलं. तुम्हीही विचारा. गिऱ्हाईक मागतच नाही, म्हणून हे चालतं.

एका आतल्या गाळ्यातले काका मात्र म्हणाले, "बसा, हवा तेवढा बघा," आणि दोन डेमो पीस पुढ्यात ठेवले. पहिल्याचा पुढचा कोपरा एका हातानं धरून उचलला, तर बॉडी कुरकुरली आणि टचपॅडचं क्लिक आपोआप दबून बसलं. तिथेच तो बाद. दुसरा तसाच उचलला, आवाज नाही. त्याचं झाकण सावकाश उघडताना मी बिजागरीजवळची फट बघत होते. स्क्रीनची कड आणि मागचं कव्हर तिथे फाकलं तर समजायचं, पुढे त्रास आहे. हे फाकलं नाही. कीबोर्ड मधोमध दाबला तर थोडा खाली गेला. या किमतीत तेवढं चालवून घ्यावं. आम्ही तोच घेतला.

कीबोर्डवरून आठवलं: बऱ्याच स्वस्त मॉडेलांत तो वरच्या कव्हरला प्लॅस्टिकच्या रिव्हेटनी, म्हणजे वितळवून बसवलेल्या खुंट्यांनी, पक्का केलेला असतो, बिघडला तर अख्खं कव्हर बदलावं लागतं. चार्जिंगचं सॉकेट मदरबोर्डवर सोल्डर केलंय की वायरवर आहे, हेही दुरुस्तीवाल्याकडून आधी काढून घ्या. वायरवरचं स्वस्तात बदलतं. रॅमची जागा मोकळी आहे का, तेही.

डेमो चांगला निघाला म्हणून खोक्यातला तपासायचा सोडू नका. खोकं दुकानातच उघडा, मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवा, खोक्यावरचा आणि लॅपटॉपच्या पाठीवरचा सीरियल नंबर जुळवा, तोच बिलावर लिहून घ्या. काकांनी हे न सांगता केलं. वर लेकीला बजावलं, "झाकण कायम मधोमध धरून उघडायचं, कोपऱ्याला धरून नाही. सगळा जोर एकाच हिंजवर येतो."